सातवी हाफपँट

"चढ," अण्णा म्हणाले.

मी कापड बेतायच्या टेबलापुढे उभी होते. अंगात नवी खाकी हाफपँट, वर कॉलेजच्या कबड्डीचा पांढरा शर्ट. आमच्या शिंपीकामाच्या दुकानाचं दार अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ओढून घेतलं होतं आणि समोरच्या बाकावर देवधर बाई आणि आमच्या गटातल्या चार मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. मे महिन्याचे दिवस, पत्र्याचं छप्पर. सगळ्या घामाने चिंब.

"हात टेकवायचे नाहीत. एक पाय सरळ वर टाक आणि त्याच पायावर उभी राहा."

टेबल माझ्या कमरेच्या वर येत होतं. मी उजवा पाय उचलला, टाच फळीवर रोवली आणि एका झोक्यात वर गेले. डोकं पंख्याला लागता लागता वाचलं.

"कुठे ओढलं?"

"नाही."

"मांडीपाशी?"

"नाही, अण्णा."

"तुला आवडलीय म्हणून नाही म्हणतेस. परत चढ."

कुमुद शेटे म्हणाली, "अण्णा, मी घरी अशी चढून दाखवली ना, तर आमची आई खालून झाडूने उतरवील."

"तुझ्या आईला सांग, पँट अण्णा माळवद्यांनी शिवलीय. झाडू लागला तरी फाटणार नाही."

सगळ्या हसल्या. मी टेबलावरच उभी होते, आणि हसण्याच्या आत कुठेतरी मला वाटलं की आता हे होणार. आपण खरंच जाणार.

ही सदुसष्ट सालची संगमनेरची गोष्ट. गावात एक डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ होतं. ओक वकील त्याचे अध्यक्ष, आणि गावच्या शाळेच्या समितीवरही. पुरुषमंडळी दर हिवाळ्यात कुठला ना कुठला किल्ला गाठायची. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या देवधर बाईंनी वर्षभर वकिलांच्या मागे लागून मुलींसाठी परवानगी काढली होती. अकोले गावाच्या पलीकडे डोंगररांगेत काळकाईचा सुळका आहे. तिथवर चार दिवसांची पायपीट आणि शेवटी सुळक्याची चढाई. बाई धरून सहा जणी. सुळक्यावर दोर घेऊन पहिली कोण चढणार, हेही ठरलं होतं. मी.

आधीच्या दिवाळीत सरावाला आम्ही एका टेकडीवर गेलो होतो, तेव्हा दोघी साडीचा काचा मारून आल्या होत्या आणि बाकीच्या सलवारीत. करवंदीच्या जाळीत कुमुदची सलवार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उसवली. साड्यांचे काचे तर दर शंभर पावलांवर सुटत. उतरताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी हाफपँट. गावाला काय बोलायचं ते बोलू दे." आणि मग माझ्याकडे वळून, "रत्नप्रभा, अण्णांना विचारशील?"

अण्णांना विचारायची गरज नव्हती. आई मी सहावीत असताना गेली. तेव्हापासून मी शाळा सुटली की दुकानात बसले, काजं केली, बटणं लावली, पुढे मशिनवर बसले. मुलीने हे करू नये, ते करू नये, असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. त्यांना फक्त वाईट शिवण सोसत नसे.

कापडावरून पंधरा दिवस वाद चालला. तेव्हा टेरिलिनचं नवं वेड होतं. मुलींना तेच हवं होतं. हलकं, चुणी न पडणारं, रात्री धुतलं की सकाळी तयार. अण्णांनी एक तुकडा आणून कुमुदच्या हातात दिला. "हा मुठीत धरून बस." पाच मिनिटांनी तिची मूठ उघडायला लावली. तळवा घामाने चकाकत होता आणि तुकडा कोरडाच. "घाम पीत नाही. उन्हात दिवसभर चाललीस की मांड्या सोलून निघतील. आणि शेकोटीची ठिणगी पडली तर भोक." मग त्यांनी खाकी ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, तागा खाली ओढला. "हे सुरुवातीला राठ वाटेल. तिसऱ्या दिवशी अंगाचं होईल. कातळावर घासलं तर कापड झिजेल, कातडं नाही."

लांबी गुडघ्याच्या चार बोटं वर. त्याहून लांब ठेवली तर पाय उचलताना गुडघ्यावर अडते, आणि त्याहून आखूड ठेवली तर बसून उतरताना मांडी खरचटते. दोन्ही पायांच्या मध्ये, ज्याला आम्ही आसन म्हणतो, तिथे एक चौकोनी जादा तुकडा. खिशांना झाकण, म्हणजे उलटं वाकलं तरी काडेपेटी पडायची नाही. सगळी शिवण दुहेरी.

आणि सगळ्यांत आधी पाणी. अण्णांचा हा नेम कधी मोडला नाही. कोरं ड्रिल एक रात्र बादलीत बुडवून ठेवायचं, सकाळी सावलीत वाळवायचं, मगच कात्री लावायची. "कापडाला जेवढं आटायचंय तेवढं आपल्या बादलीत आटू दे," ते म्हणत, "गिऱ्हाइकाच्या अंगावर नाही." उभ्या गावात त्यांचं नाव होतं ते यासाठी. शाळेचे गणवेश वीस वर्षं त्यांच्याकडेच होते, आणि पोरगं वाढून पँट आखूड झाली तरच आई परत येई, आटली म्हणून कधी नाही.

सहा हाफपँटी तयार झाल्या. माझी मी स्वतः शिवली.

निघायचं होतं शनिवारी पहाटे. मंगळवारी अण्णा भाचीच्या लग्नाला येवल्याला गेले. बुधवारी दुपारी देवधर बाई दुकानात आल्या. त्यांच्याबरोबर एक उंच, गोरी मुलगी होती. दोन जाड वेण्या, पायात कॅनव्हासचे बूट.

"ही विदुला," बाई म्हणाल्या. "ओक वकिलांची पुतणी. पुण्याहून आलीय सुट्टीला. हिचं माप घ्यायचंय."

"सातवी?" मी टेप गळ्यातून काढत विचारलं. "मग जीपमध्ये बसणार कशा आपण? एकीला टपावर बांधावं लागेल."

बाई हसल्या नाहीत. विदुला दोऱ्यांच्या रिळांचं कपाट बघत आत गेली, तेव्हा त्या माझ्या जवळ आल्या.

"सातवी नाही गं. सहाच."

मी टेप हातात धरून उभी राहिले.

"काल संध्याकाळी वकीलसाहेबांनी सांगितलं. तिला फार हौस आहे. जीप त्यांची, डिझेल त्यांचं. मी काय बोलणार? या वर्षी नाही म्हटलं तर मुलींचं जाणंच बंद करतील."

"पण मीच का? कुमुद का नाही? दोर तर मी नेणार आहे."

"कुमुदचे वडील मंडळात आहेत."

"तिला वरचा टप्पा जमत नाही, बाई. तुम्ही पाहिलंय."

"मला माहीत आहे." बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तू समजूतदार आहेस. मंडळाच्या सभेत मी सांगणार आहे, की या पँटी रत्नप्रभाने शिवल्यात. तुझा सत्कार करायचं चाललंय."

विदुला परत आली. तिने माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं. "काका म्हणाले, तुला घरून परवानगी मिळाली नाही. मला फार वाईट वाटलं. माझ्याही आजीने पुष्कळ आकांत केला."

मी बाईंकडे पाहिलं. बाई रिळं बघायला लागल्या.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. तेवढं एक वाक्य. विदुला चांगली मुलगी होती, तिने कदाचित माघारही घेतली असती. पण मला लाज वाटली. आपल्याला वगळलं हे सांगण्यापेक्षा आपल्याला अडवलं हे सांगणं सोपं गेलं.

"अण्णांचं तसंच आहे," मी म्हणाले. "हात वर कर."

कंबर, सीट, मांडी. ती माझ्याहून अंगाने भरलेली, माझी पँट तिला आली नसती. मी आकडे लिहून घेतले. उद्या संध्याकाळी देते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी न्हाणीत बादली भरून ठेवली. तागा काढला, सव्वा वार कापड फाडलं. ते हातात घेऊन किती वेळ बसले होते, आठवत नाही. मनात काही मोठं नव्हतं. कुणाला इजा व्हावी असं तर अजिबात नव्हतं. एवढंच होतं, की दोन दिवस घामाने भिजेल, ओढ्यात भिजेल, उन्हात वाळेल, आणि तंग होईल. मांड्यांना काचेल. पुण्याची मुलगी, रडेल, म्हणेल मला घरी सोडा. जीप तिला सोडायला परत येईल. मग बाईंना दोर न्यायला कोण लागेल?

मी बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. कोऱ्या कापडावर खडूने आखलं आणि कात्री लावली.

बाकी कशात कसर केली नाही. दुहेरी शिवण, खिशांना झाकणं, आसनात जादा तुकडा. खरं तर सातांपैकी तीच दिसायला सर्वांत देखणी झाली. कोऱ्या कापडाची कडक धार तिच्यावर होती. गुरुवारी विदुलाने घालून पाहिली, मी सांगायच्या आत टेबलावर चढली. "अगं, किती मोकळी!" म्हणाली. आणि तिने मला मिठी मारली.

अण्णा शुक्रवारी परतले. ते पाय धूत असताना मी विदुलाचं सांगितलं. मला वगळलं, हेही. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"वकिलांना जाऊन विचारू का?"

"नको."

"मी विचारतो. त्यांना राग येईल, येऊ दे."

"नको म्हटलं ना!"

मग त्यांनी त्यांच्या सवयीचं विचारलं. "कापडाला पाणी दिलंस?"

"दिलं."

जीप गेली. मी रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून अकोल्याच्या रस्त्याकडे बघायची. सोमवारी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी आली ती दुकानावरून भरधाव नाशिककडे गेली. मागे कुमुद होती आणि तिच्या मांडीवर कुणाचं तरी डोकं.

काय झालं ते मला कुमुदनेच सांगितलं. मंगळवारी सुळक्याच्या पायथ्याला पोहोचल्यावर एक डोह लागला. चार दिवसांच्या धुळीने वैतागलेल्या सगळ्या जणी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या, तासभर डुंबल्या आणि कातळावर पडून वाळल्या. बुधवारी सकाळी चढाई. दोर बांधायच्या आधीचा सोपा टप्पा होता तो, अडीच पुरुष उंचीचा. कमरेएवढ्या उंच खोबणीत पाय टाकायचा आणि वर जायचं. कुमुद गेली. मागून विदुला. तिने पाय उचलला तो अर्ध्यावरच अडला. तिने पुन्हा जोर लावला, तोल मागे गेला.

"जास्त नाही गं, बारा-पंधरा फूट," कुमुद म्हणाली. "पण खाली दगड होते."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पंधरा दिवसांनी तिला नाशिकहून वकिलांच्या घरी आणलं, तेव्हा मी भेटायला गेले. कमरेपासून प्लॅस्टर, खिडकीजवळ खाट. माझा हात धरून म्हणाली, "तुझी पँट फार छान होती हं. माझंच चुकलं. डोहातनं आल्यावर जरा घट्ट वाटत होती, पण म्हटलं, बाईंच्या हातचा भात खाऊन मीच सुटले." आणि हसली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, पाय जरा आखूड राहील."

मी खिशातून आणलेल्या श्रीखंडाच्या गोळ्या तिच्या उशाशी ठेवल्या आणि उठले.

दोन दिवसांनी वकिलांचा निरोप आला. अण्णांना आणि मला घरी बोलावलं होतं.

बैठकीच्या खोलीत वकील आरामखुर्चीत बसले होते. देवधर बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मेजावर दोन खाकी हाफपँटी अंथरल्या होत्या, एक कुमुदची आणि एक विदुलाची. विदुलाची बाजूने कात्रीने कापलेली होती, दवाखान्यात काढताना कापली असणार.

"या, माळवदे," वकील म्हणाले. "मला तुमच्या धंद्यातलं कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. बाकीच्या पाच जणींच्या पँटी त्याच डोहात भिजल्या. एकही आटली नाही. हीच का आटली?"

अण्णांनी चष्मा लावला. विदुलाची पँट उचलली, उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला. कापड दोन बोटांत चोळलं, कुमुदच्या पँटचं चोळलं, पुन्हा विदुलाचं चोळलं. मग शिवणीच्या शेवटच्या टाक्यापाशी त्यांचा अंगठा थांबला. प्रत्येक शिवणाऱ्याची टाका संपवायची आपली एक रीत असते. माझी मला त्यांनीच शिकवली होती, आणि तरी ती त्यांच्यापेक्षा वेगळी झाली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पँटची घडी घातली. शिंप्याच्या हाताने घालतात तशी, कडेला कड लावून.

"कापड मी बेतलं, साहेब. पाणी द्यायचं राहिलं."

"तुम्ही?"

"येवल्याला निघायच्या गडबडीत होतो. बेतून ठेवलं आणि गेलो. पोरीने नुसतं शिवलं. तिला वाटलं, भिजवलेलंच असणार."

अण्णा मंगळवारी गेले आणि माप बुधवारी घेतलं गेलं. खोलीत ही गोष्ट तिघांना माहीत होती. अण्णांना, मला आणि देवधर बाईंना. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर त्यांना हेही सांगावं लागलं असतं की माझी जागा कशी गेली, आणि परवानगीची ती थाप कुणी खपू दिली.

वकील माझ्याकडे वळले. "काय गं, खरं का हे?"

अण्णा उभे होते. हाफपँटची घडी दोन्ही हातांत धरून, जसं गिऱ्हाइकाला द्यायला धरतात. वीस वर्षं गावाने ज्या एका गोष्टीसाठी त्यांचं नाव घेतलं, ती त्यांनी माझ्यादेखत त्या मेजावर काढून ठेवली होती. मी फक्त तोंड उघडायचं होतं.

"हो," मी म्हणाले.

वकील खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज निवळला. "माणसाच्या हातून होतं. पण शाळेचं काम यापुढे तुमच्याकडे ठेवता येणार नाही, तेवढं समजून घ्या. शेवटी पोरांचा प्रश्न आहे." मग बाईंना म्हणाले, "मुलीचा यात काही दोष नाही. बापाच्या चुकीची शिक्षा तिला नको. पुढच्या वर्षी तिला घ्या."

"घेते," बाई म्हणाल्या.

अण्णांनी मला त्याबद्दल काही विचारलं नाही. त्या रात्री नाही, पुढेही नाही. जून उजाडला तो पहिल्यांदाच आमच्या दुकानात गणवेशांच्या ढिगाशिवाय. मग हळूहळू बाकीची गिऱ्हाइकं. गावाला एवढंच कळलं होतं की म्हाताऱ्याने पाणी न देता कापड बेतलं आणि वकिलांची पुतणी लंगडी झाली. समोरून जाणाऱ्या बायका थबकून विचारत, "अण्णा, आटणार नाही ना हो?" अण्णा म्हणत, "नाही, बाई." ती बाई पुढच्या दुकानात जाई. त्यांच्याकडे उरलं ते उसवलेलं टाचायचं काम. ते त्यांनी आणखी अकरा वर्षं केलं, तेवढ्याच बारीक टाक्याने.

पुढच्या मे महिन्यात मी गेले. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. एवढी किंमत देऊन मिळालेलं सोडलं तर ती किंमतही वाया जाईल, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. सुळका मी चढले, दोर घेऊन, सगळ्यांत पुढे. वर वारा होता. सत्काराचा नारळ मिळाला. यातलं काहीच मला फारसं आठवत नाही.

आठवते ती निघायची पहाट. या वेळी हाफपँटी मंडळाने नाशिकच्या एका दुकानातून शिवून आणल्या होत्या. वकिलांच्या फाटकापाशी जीप उभी होती, सगळ्यांच्या घरची माणसं जमली होती, कुणी डबा देत होतं, कुणी कुंकू लावत होतं. अण्णा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले आणि रस्त्याच्या पलीकडे थांबले. मी गेले त्यांच्याकडे.

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, खाली वाकले, माझ्या हाफपँटची कड दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली आणि उलटी करून आतला टाका बघितला.

"बरी शिवलीय," ते म्हणाले.

कड सरळ केली, हाताने एकदा दाबून बसवली आणि जीप सुटायच्या आत दुकानाकडे चालू लागले.